दर गणपतीत जाम होणारा सायकलचा शॉकअप

माझी सायकल २६ इंची, जुन्या घडणीची माउंटन बाइक. पुढे स्प्रिंगचा सस्पेन्शन फोर्क, ८० मिलिमीटर दबणारा; आपल्याकडचे मिस्त्री त्याला शॉकअप म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. राहतो गुहागरात, म्हणजे सायकल एक तर पुळणीवर, नाहीतर पालशेत, हेदवी, वेळणेश्वरच्या चढउतारांवर. सलग तीन वर्षं एकच दुखणं. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत ग्रीस घालून घ्यावं, शॉकअप झकास चालावा, आणि गणपती घरात येईपर्यंत जाम. हँडलवर सगळा भार टाकला तर कचकन थोडा दबायचा, आणि दबला की वर यायचं नाव नाही. उघडून पुसून पुन्हा ग्रीस घातलं की दिवाळी निघायची, मग दुसरं सुरू व्हायचं: खड्ड्यात चाक गेलं की पुढून टक्, टक्.

जाम होणं आणि वाजणं ही दोन वेगळी दुखणी आहेत असं मी धरून चाललो होतो. दोन्हींचं मूळ एकच होतं. माझ्या घरात आता अशा दोन सायकली आहेत. एकीचा शॉकअप मी काढून टाकला, दुसरीचा, पुतण्याच्या सायकलचा, दुरुस्त करून वाचवला. कोणता वाचतो आणि कोणत्याच्या मागे पैसे घालू नयेत, हे ठरवायला मला तीन पावसाळे लागले. तुमचे ते वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ढिलाई कुठे आहे ते शोधा

पुढून वाजतंय एवढ्यावरून शॉकअप उघडू नका. पुढच्या भागात ढिलाई चार जागी असू शकते: हँडलच्या मानेतलं बेअरिंग म्हणजे हेडसेट, चाकाचा हब, ब्रेक आणि शॉकअपच्या आतले बुश, म्हणजे ज्यांतून नळी सरकते त्या कड्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवायची, ही सगळ्यांची सवय. पण त्यात ब्रेकची स्वतःची ढिलाई मिसळते. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरमध्ये पॅड जरासे हलतातच, आणि तोच आवाज शॉकअपचा वाटतो. त्यापेक्षा पुढचं चाक पायरीला भिडवा. आमच्या खळ्याला जांभ्याची पायरी आहे. टायर तिला घट्ट टेकवून, ब्रेकला हात न लावता हँडल पुढे रेटायचं आणि सोडायचं, असं चारपाच वेळा.

रेटताना एक बोट हेडसेटच्या खालच्या वाटीवर ठेवा, अर्धं वाटीवर आणि अर्धं तिच्या खाली फोर्कच्या क्राउनवर, म्हणजे दोन्ही पाय जोडणाऱ्या आडव्या भागावर. तिथे टिक्‌ जाणवली तर हेडसेट सैल आहे, शॉकअपचा काही दोष नाही. मग बोट सीलवर, म्हणजे नळी पायात शिरते तिथल्या रबरी कडीवर आणा, अर्धं चकचकीत नळीवर आणि अर्धं खालच्या जाड पायावर. इथे हालचाल जाणवली तर बुश झिजलेत. हबसाठी चाक उचलून रिम डावी-उजवीकडे हलवून बघा. आणि चाक वर असतानाच हँडल अगदी हळू फिरवा. सरळ रेषेत आलं की खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर हेडसेटच्या वाट्यांत छर्ऱ्यांचे वण पडलेत. तो आवळून सुधारत नाही, बदलावाच लागतो.

एक लक्षात घ्या, साध्या शॉकअपमध्ये नवा असतानाही सीलजवळ केसभर हालचाल असते. त्याला घाबरू नका. डोळ्यांना लांबून दिसते तेव्हा काम आलं.

घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला. वरच्या नळ्या आणि मधली उभी नळी, म्हणजे स्टिअरर, या बऱ्याच फोर्कमध्ये क्राउनात दाबून बसवलेल्या असतात. उभं राहून पेडल मारताना तिथून करकर येत असेल, सांध्यातून गंजाचा ओघळ बाहेर आला असेल किंवा रंगाला बारीक चीर दिसत असेल, तर त्या सायकलवरून उतार उतरू नका. हा भाग तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. अशा फोर्कला ग्रीस, सील, बुश काहीही करायचं नाही, थेट बदलायचा.

बोल्ट सोडला तेव्हा

तिसऱ्या वर्षी गणपती विसर्जन झालं, आणि मी शॉकअप उघडा करून मुळापर्यंत बघायचं ठरवलं. चाक काढलं, ब्रेकची केबल सोडवली, सायकल मागच्या पडवीत आढ्याला टांगली आणि खाली एक जुनी परात ठेवली. दोन्ही पायांच्या टोकाला खालून एकेक बोल्ट असतो. तो चारपाच आटे सैल केला, पूर्ण काढला नाही, आणि त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलकेच ठोकलं, म्हणजे आतला दांडा सुटा होतो. मग बोल्ट काढला.

डाव्या पायातून आधी एक काळा थेंब आला, मागोमाग धार लागली. चहाच्या रंगाचं पाणी, कपाला थोडं कमी. मागाहून ग्रीस आलं, पण ते ग्रीस राहिलंच नव्हतं. ताक घुसळताना लोण्याचे गोळे तरंगतात तसं पांढरट, पाणी धरून फुगलेलं. पाय खाली ओढून काढला. स्प्रिंगचे खालचे पाच वेढे तांबडे, खरबरीत, आणि त्यांच्या वर लख्ख. विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर पाण्याची पातळी दाखवणारी रेघ उमटते, तशी सरळ रेघ स्प्रिंगवर. उजव्या पायात स्प्रिंग नव्हती, नुसता लॉकआउटचा, म्हणजे शॉकअप दबू नये म्हणून अडकवून ठेवण्याचा, दांडा होता, आणि तो पाय बऱ्यापैकी कोरडा निघाला.

म्हणजे ग्रीस वाळत नव्हतं की संपत नव्हतं. आत पाणी साचत होतं. ते ग्रीस धुऊन काढायचं, गंजाचा चुरा करायचं, तो चुरा बुश आणि नळीच्या मध्ये जाऊन अडकायचा. हे जाम होणं. मी तो पुसून नवं ग्रीस भरलं की नळी मोकळी व्हायची, पण चुऱ्याने बुश तोवर घासून मोठे झालेले असायचे; ते वाजणं.

पाणी शिरतं कुठून

पाऊस हे उत्तर मला पटत नव्हतं. पावसात मी फार चालवतच नाही. उत्तर विहिरीच्या पंपाला जोडलेल्या पाइपात होतं.

पुळणीवरून आलं की सायकल धुवायची, ही शिकवण मला लहानपणापासून आहे, आणि ती बरोबर आहे. चुकत होती पद्धत. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून जोराचा फवारा मी नेमका सीलवर मारायचो, कारण वाळू तिथेच चिकटलेली दिसते. ते सील म्हणजे एक पातळ रबरी ओठ आहे. नळीवरची धूळ निपटणं एवढंच त्याचं काम. जोराचं पाणी त्या ओठाला उचलतं आणि आत जातं. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही. वर मी सायकल उलटी करून हँडल-सीटवर उभी ठेवायचो, चाकं फिरवून वाळवायला. क्राउनजवळ साचलेलं पाणी तेव्हा स्टिअररमध्ये उतरायचं आणि वरचा स्टार नट, म्हणजे वरच्या टोपीचा बोल्ट नळीच्या आत ज्यात आवळला जातो तो, गंजवायचं. तो गंजलेला नट पुढे मला फोर्क काढताना दिसला.

आणखी एक वाट लोक विसरतात: गाडीच्या मागच्या कॅरिअरवर सायकल बांधून भर पावसात चिपळूण गाठणं. ताशी साठ-सत्तरच्या वेगाने येणारा पाऊस आणि पंपाचा फवारा यांत सीलच्या दृष्टीने फरक नाही. नेत असाल तर सीलवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वर रबर लावा. मासळीची पिशवीही चालते.

आता खाऱ्या पाण्याविषयी, कारण आपल्याकडचं दुखणं घाटावरच्यापेक्षा वेगळं का आहे ते इथे कळतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकलं तरी क्षार राहतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओल धरतं. आपल्या किनाऱ्यावर रात्रीची हवा वर्षातले बरेच महिने ७५ च्या वर असते. म्हणजे पुळणीवरून आलेली सायकल पडवीत कोरडी दिसत असली तरी नळीवरचा खार रोज रात्री ओला होतो, दिवसा सुकतो, पुन्हा ओला होतो. मिठाच्या बरणीत चमचा तसाच राहिला तर काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यात आपली तांबडी माती. जांभा झिजून झालेल्या या मातीत लोखंडाची आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर. सड्यावरच्या कच्च्या रस्त्याने अर्धा तास गेलात तरी नळीवर सीलच्या वर एक तांबूस-काळी कडी दिसते. ग्रीस आणि ही माती मिळून पॉलिश पेपरच्या लगद्यासारखं काम करतात.

तेव्हा धुवा, पण असं: गोड्या पाण्याची बादली, मऊ फडकं, हवा तर भांड्याचा साबण थोडा. सीलवर ओलं फडकं फिरवून ती कडी आधी पुसा आणि मगच शॉकअप दाबा. न पुसता दाबलात तर ती कडी तुम्हीच आत ढकलता. शेवटी कोरड्या फडक्याने नळ्या पुसा. पाच मिनिटांचं काम आहे.

नखाची परीक्षा

शॉकअप वाचवायचा की सोडून द्यायचा, हे सगळं वरच्या दोन चकचकीत नळ्या सांगतात. नळी पोलादाची, वर क्रोमचा मुलामा. नळीवर सील असतं तिथे बारीक रबरबँड चढवा, पार सीलला टेकवून. दोन दिवस नेहमीच्या रस्त्यावर चालवा. दणक्यांत सील रबरबँडला वर ढकलत नेतं. तो कुठवर गेला ते बघा: सील ते रबरबँड हा पट्टा म्हणजे कामाचा भाग. त्याच्या वरचा, क्राउनजवळचा भाग सीलला कधी भेटतच नाही.

आता अंगठ्याचं नख नळीवर वरून खाली ओढा, चारही बाजूंनी. क्राउनजवळ गंजाचे ठिपके असतील तर पुसा, ग्रीसचा हात फिरवा आणि सोडून द्या. कामाच्या पट्ट्यात नख अडकलं तर मात्र ती जागा प्रत्येक दणक्याला सीलच्या ओठावरून करवतीसारखी जाते. तुम्ही नवं सील घाला, चार आठवड्यांत ते फाटणार. मी दुसऱ्या वर्षी नेमकं हेच केलं. सायकलसाठी सील मिळेना म्हणून बेअरिंगच्या दुकानातून मापाचं ऑइल सील आणलं. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, असे तीन आकडे सांगितले की ते काढून देतात. बसलं छान, पण गाडीच्या सीलमध्ये आत स्प्रिंगची कडी असते, तिने नळी इतकी आवळली की शॉकअप हलेना. कडी काढून टाकली तेव्हा हलला, आणि महिन्याभरात नळीवरच्या खड्ड्यांनी ते सील कातरलं.

गंजाचे खड्डे पॉलिश पेपरने घासून सपाट करायचा मोह होतो. करू नका. घासल्याने उरलेला क्रोम जातो आणि खालचं पोलाद उघडं पडतं, मग आठवड्यात सगळा पट्टा तांबडा. एखाददुसरा बारीक खड्डा असेल तर तो साफ करून अॅराल्डाइटने भरायचा, पूर्ण वाळल्यावर नखाला सपाट लागेल इतकाच घासायचा. एक हंगाम निघतो. मोटरसायकलच्या फोर्कच्या नळ्यांवर हार्ड क्रोम नव्याने चढवून देणारे असतात. पण क्राउनात दाबून बसवलेली सायकलची नळी आधी काढायची कशी, हा प्रश्न उरतो. साध्या शॉकअपसाठी तो खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या सायकलच्या डाव्या नळीवर, मागच्या बाजूला, नख सात ठिकाणी अडकलं. पुतण्याच्या सायकलचा शॉकअप जवळजवळ त्याच वयाचा, १०० मिलिमीटरचा, पण त्याच्या नळ्यांवर नख कुठेच अडेना. तो पुळणीवर जात नाही, शाळा आणि मैदान एवढंच.

बुश: नायलॉन घेऊ नका

पुतण्याचा शॉकअप जाम होत नव्हता, नुसता वाजत होता. म्हणजे फक्त बुश. खालच्या पायात प्रत्येकी दोन बुश असतात, एक सीलच्या लगेच खाली आणि दुसरा खोल आत. साध्या शॉकअपमध्ये ते प्लॅस्टिकचे असतात आणि जुन्या मॉडेलचे विकत मिळत नाहीत. मिळाले तर प्रश्नच नाही, तेच घाला. नाही मिळाले तर लेथवाल्याकडून करून घ्यायचे.

इथे मी माझ्या शॉकअपवर एक चूक करून बसलो होतो. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये लेथवर नायलॉनचे बुश वळवून घेतले. बसवले तेव्हा इतके नेमके की नळी लोण्यातून सरकल्यासारखी. जुलैत शॉकअप हलेना. मी पाण्याला आणि गंजाला दोष दिला. त्यांचा वाटा होताच. पण नळी पुसून, गंज काढून, नवं ग्रीस लावूनही ती बुशमध्ये जाईना, तेव्हा बुश मोजले. फुगले होते. नायलॉन पाणी पितं. नायलॉन ६ हे पाण्यात पूर्ण भिजलं तर स्वतःच्या वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं आणि त्या प्रमाणात आकारही वाढतो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी घेतलेलं माप आषाढात खोटं ठरतं.

लेथवाल्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, पंपाच्या बुशला मी डेलरिनच वापरतो. तुम्ही नायलॉन मागितलंत म्हणून नायलॉन दिलं." डेलरिन म्हणजे अॅसिटल. दिसायला नायलॉनसारखंच पांढरं किंवा काळं, पण पाणी अगदी कमी घेतं, भिजूनही एका टक्क्याच्या आतच. पुतण्याच्या शॉकअपला डेलरिनचे चार बुश केले. माप देताना जुना बुश, खालचा पाय आणि वरची नळी तिन्ही सोबत न्या. नुसता आकडा सांगू नका, कारण झिजलेल्या बुशचं माप नव्या बुशसाठी कामाचं नाही. बरोबर बसलाय का याची परीक्षा सोपी: ग्रीस न लावता, स्प्रिंग न घालता पाय नळ्यांवर चढवा आणि सोडा. स्वतःच्या वजनाने तो सावकाश घरंगळत खाली आला पाहिजे. धप्पकन पडला तर सैल, मधेच थांबला तर घट्ट.

जोडणीबद्दल थोडक्यात. पेट्रोल किंवा रॉकेलने सील धुवू नका, रबर फुगतं. पाय आणि नळ्या साबणाच्या पाण्याने धुऊन दिवसभर उन्हात वाळवा. ग्रीस शॉकअपसाठीचं घ्या. गाडीच्या चाकात भरायचं साधं लिथियमचं ग्रीस काही जुन्या शॉकअपमधल्या इलॅस्टोमरला, म्हणजे रबरी गुल्ल्यांना, मानवत नाही. त्या गुल्ल्या तुमच्या शॉकअपमध्ये असतील आणि बोटाला गुळाच्या काकवीसारख्या चिकटत असतील, तर त्यांचं आयुष्य संपलं आहे, काढून टाका. ग्रीस बुशवर आणि सीलच्या ओठामागच्या खोबणीत भरायचं. पाय चढवताना सीलचा ओठ दुमडू देऊ नका, बोटाने वळवत वळवत न्या. आणि खालचा बोल्ट सोडताना नुसताच गोल गोल फिरत असेल, तर वरचा प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंगचा ताण ठरवणारा, नॉब पूर्ण आवळा किंवा कोणाला तरी हँडल दाबून धरायला सांगा. आतला दांडा अडकतो आणि बोल्ट सुटतो.

बदलायचा ठरला तर कोणता

माझा फोर्क बदलण्याशिवाय इलाज नव्हता. मी शॉकअपच्या जागी साधा, न दबणारा क्रोमोलीचा (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा) चिमटा, म्हणजे फोर्क, घातला, पुण्याच्या एका सायकलस्वाराने त्याच्या जुन्या सायकलवरून उतरवलेला. आपल्या किनाऱ्यावर ज्याची सायकल रोज खाऱ्या हवेत उभी राहते त्याला मी हाच सल्ला देईन. स्वस्तातला शॉकअप पुन्हा घेतलात तर तीन पावसाळ्यांनी पुन्हा इथेच याल. सरळ चिमट्यात सील नाही, बुश नाही, पाणी साचायला जागा नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही तोलले: जुना शॉकअप २ किलो ४५० ग्रॅम, चिमटा १ किलो १५० ग्रॅम. पालशेतच्या चढाला हा १ किलो ३०० ग्रॅमचा फरक मांड्यांना कळतो.

मनगटांना दणके बसतील ही भीती मलाही होती. त्यावर उपाय टायर. पुढे २.१ इंची टायर घातला आणि हवा ५० पीएसआयवरून ३२ वर आणली. वजन माझं ६८ किलो. हेदवीच्या रस्त्यावरचे छोटे खड्डे टायर खातो. मोठ्या खड्ड्यात कोपर सैल सोडावे लागतात, त्याची सवय आठवड्यात लागली.

आता मापं. ही चुकली तर फोर्क परत पाठवावा लागतो, म्हणून घाई करू नका.

स्टिअररची जाडी सगळ्यात आधी. व्हर्निअर नसेल तर स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, उतरवून नळीला दोरा गुंडाळा. घेर ९० मिलिमीटर भरला तर नळी २८.६ मिलिमीटरची, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाची. या सायकलींत बहुतेक हीच. ८० भरला तर जुनी एक इंची. वर दोन मोठे चपटे नट दिसत असतील तर तुमचा फोर्क आट्यांचा आहे आणि हँडलचा दांडा नळीच्या आत जातो. मग नवा फोर्कही आट्यांचाच लागतो. स्टेम बाहेरून चिमटीसारखा नळीला धरत असेल तर बिनआट्यांचा. वापरलेला फोर्क घेताना स्टिअररची लांबी विचाराच. लांब असेल तर कापता येतो, आखूड असेल तर काही करता येत नाही.

मग उंची, आणि इथे सगळ्यात जास्त चुका होतात. चाकाच्या आसाच्या मध्यापासून क्राउनवर हेडसेटची कडी बसते तिथपर्यंत मोजा. माझा शॉकअप भार नसताना ४५५ मिलिमीटर. पण त्यावर बसलं की तो पंधरा-वीस मिलिमीटर दबूनच राहायचा, म्हणजे चालवताना खरी उंची ४३५ ते ४४०. सरळ चिमटा दबत नाही, म्हणून तो ४४० चा घेतला. वीस मिलिमीटरचा फरक पडला की सांगाड्याच्या पुढच्या नळीचा कोन साधारण एक अंशाने बदलतो. उंच फोर्क घातला तर हँडल आळशी होतं आणि चढावर पुढचं चाक भरकटतं. खूप बुटका घातला तर उतारावर सायकल पुढे झुकते आणि पेडल खाली घासतं. ८० च्या शॉकअपसाठी बांधलेल्या जुन्या सांगाड्याला १२० चा शॉकअप घालू नका, पुढच्या नळीच्या जोडावर जादा ताण येतो.

ब्रेक. व्ही-ब्रेक असतील तर फोर्कवर त्यांच्या खुंट्या हव्यात, आणि फोर्क २६ इंची चाकाचाच हवा, नाहीतर पॅड रिमला गाठतच नाहीत. डिस्क असेल तर कॅलिपर बसवायची जागा जुळते का ते बघा. जुन्या सायकलींचा पुढचा हब १०० मिलिमीटर रुंद आणि ९ मिलिमीटरच्या आसाचा असतो. जाड आरपार दांड्याचे नवे फोर्क त्याला बसत नाहीत.

बसवणं अवघड नाही. जुन्या क्राउनवरची हेडसेटची कडी चपट्या छिन्नीने दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचलून काढायची, एका बाजूने जोर लावला तर वाकडी होते. नव्यावर ती ठोकायला मी नळाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरला, स्टिअररवरून सहज सरकणारा. स्टिअरर कापायच्या आधी सगळं रचून बघा, खूण करा, आणि खुणेच्या तीन मिलिमीटर खाली कापा, म्हणजे वरची टोपी स्टेमला दाबेल, नळीला नाही. वरचा बोल्ट फक्त ढिलाई जाईपर्यंत. हँडल स्वतःच्या वजनाने कलंडलं पाहिजे. फोर्क धरून ठेवण्याचं काम स्टेमच्या बाजूच्या बोल्टांचं आहे, ते नंतर, आलटून पालटून, ५-६ न्यूटन-मीटरपर्यंत. मग पुन्हा पायरीची परीक्षा. आणि रस्त्यावर जाण्याआधी खळ्यातच दहा वेळा पुढचा ब्रेक करकचून दाबून बघा.

एक छोटं काम सोडू नका. स्टिअरर खालून उघडा असतो आणि पुढचं चाक त्यात थेट पाणी उडवतं. मी नळीच्या आत तेलाचा हात फिरवला आणि खालून बाटलीचं बूच तासून, ग्रीसमध्ये बुडवून ठोकलं.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर बूच काढून बोट घातलं: कोरडं. पुतण्याच्या शॉकअपवर गणपतीच्या दुसऱ्या दिवशी रबरबँड चढवला. पाऊस चालूच होता, तो शाळेपर्यंत जाऊन आला. रबरबँड सीलपासून ६५ मिलिमीटरवर होता, आणि पायरीला चाक लावून रेटल्यावर सीलवरच्या बोटाला काही जाणवलं नाही.